८.८ वरून १०.९ कडे: हातानं बोल्ट वाकवण्यातल्या मधल्या पायऱ्या

१५० मिमी लांबीचा, ८.८ ग्रेडचा एम६ (म्हणजे ६ मिमी जाडीचा) बोल्ट दोन्ही टोकं जवळ येईपर्यंत वाकायला लागला की बहुतेक जण थेट १०.९ चा बोल्ट हातात घेतात आणि तिथंच अडकून बसतात. बोल्ट तसूभर हलत नाही, मनगटं मात्र ठणकू लागतात. मग ताकद वाढवायची म्हणून ग्रिपर, डंबेल, दोरखंड असं सगळं सुरू होतं. ताकद कमी पडते हे खरं, पण त्याहून जास्त चुकते ती पायरीची उंची. दुकानात मिळणाऱ्या दोन ग्रेडमधलं अंतर हे सरावाची पायरी म्हणून कोणी ठरवलेलं नाही. ते यंत्रं जोडण्यासाठी ठरलंय. आपल्या पायऱ्या आपल्यालाच कापून घ्याव्या लागतात, आणि त्यासाठी हॅकसॉ, व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) आणि एक व्हाइस (वस्तू आवळून धरणारा शिकंजा) एवढं पुरतं.

आधी बोल्टच्या डोक्यावरचे आकडे, म्हणजे ग्रेड. मेट्रिक बोल्टवर ८.८ लिहिलेलं असेल तर पहिल्या आकड्याला १०० नं गुणलं की तुटण्याची ताकद मिळते, ८०० मेगापास्कल. दोन्ही आकड्यांच्या गुणाकाराला १० नं गुणलं की कायमचा वाक यायला सुरुवात होण्याची ताकद, म्हणजे ६४०. आपल्याला दुसरा आकडा महत्त्वाचा. ४.६ साठी तो २४०, १०.९ साठी ९००, १२.९ साठी १०८०. इंची बोल्टवर आकडे नसतात, रेघा असतात: ग्रेड ५ ला तीन, ग्रेड ८ ला सहा, ग्रेड २ कोरा. ग्रेड ५ साधारण ८.८ च्या जोडीचा, ग्रेड ८ साधारण १०.९ च्या.

म्हणजे लांबी आणि जाडी तीच ठेवून ८.८ वरून १०.९ वर गेलं की जोर एकदम ४० टक्के जास्त लागतो. बारबेलवर कोणी एका दिवसात ४० टक्के वजन चढवणार नाही. बोल्टच्या बाबतीत मात्र हे सर्रास चालतं, कारण दोन्ही बोल्ट दिसायला सारखेच असतात.

जाडीचं गणित याहून कडक आहे. गोल दांडा वाकवायला लागणारा जोर व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ६ मिमीवरून ८ मिमीवर गेलं की तोच ग्रेड जवळजवळ २.४ पट कठीण होतो. पाव इंचावरून ५/१६ इंचावर गेलं की दुप्पट. पूर्ण वाकासाठी लागणारा मोमेंट (जोर गुणिले तरफेची लांबी) ढोबळपणे काढायचा तर व्यासाचा घन भागिले ६, गुणिले कायमचा वाक सुरू होण्याची ताकद. ८.८ च्या एम६ ला सुमारे २३ न्यूटन-मीटर लागतात, १०.९ च्या एम६ ला ३२, पाव इंची ग्रेड ५ ला २७, पाव इंची ग्रेड ८ ला ३८ आणि ८.८ च्या एम८ ला ५५. हे सगळे किमान आकडे. हातात आलेला माल त्याहून कडक असतो, नरम क्वचितच.

लांबी मात्र पूर्णपणे आपल्या हातात असते. डबल ओव्हरहँड (दोन्ही तळवे खाली) पकडीत बोल्टचं मध्य तर्जन्या आणि अंगठे धरून ठेवतात, टोकं तळहाताची करंगळीकडची गादी ढकलते. म्हणजे प्रत्येक हाताची तरफ ही अर्ध्या लांबीपेक्षा थोडी कमी. मी ती अर्धी लांबी वजा १५ मिमी धरतो. हाताच्या ठेवणीप्रमाणे हा आकडा बदलेल, पण तुलना करायला चालतो. या हिशेबानं ८.८ चा एम६ बोल्ट १५० मिमी लांब असताना प्रत्येक हाताला सुमारे ३९ किलोचा जोर लागतो, १४० वर ४३, १३० वर ४७ आणि १२० वर ५२. म्हणजे ५ मिमी कापलं की चार-पाच टक्के वाढ. सरावाला याहून सोयीची पायरी नाही, आणि ती एका करवतीच्या पात्याच्या किमतीत मिळते.

१०.९ चा एम६ बोल्ट १५० वर ५५ किलो मागतो. ३९ वरून ५५ वर उडी मारणारा का आपटतो ते इथं दिसतं. तोच १०.९ चा बोल्ट १७० मिमी लांब मिळाला तर मागणी ४७ वर येते, म्हणजे ८.८ च्या १३० मिमी तुकड्याएवढीच. त्यामुळे क्रम असा बसतो: ८.८ चा बोल्ट १५० पासून ५-५ मिमी कापत १३० पर्यंत न्यायचा, मग १०.९ मधली मिळेल ती सगळ्यात लांब साइज घ्यायची आणि ती पुन्हा ५-५ मिमीनं खाली आणायची. एम६ मध्ये लांब १०.९ हाताशी नसेल तर ८.८ लाच १२० पर्यंत न्यावं. त्याखाली जाण्यात अर्थ नाही. टोक तळहाताच्या मध्यात रुतायला लागतं, करंगळी आणि अनामिका हवेत राहतात आणि आपण ताकदीऐवजी वेदना सोसण्याचा सराव करू लागतो. रुंद तळहाताच्या माणसाला ही हद्द आणखी आधी लागते.

मधली पोकळी भरायला एक दुर्लक्षित माल आहे: पूर्ण आट्यांचा एम८. आट्यांच्या तळाशी एम८ चा व्यास साडेसहा मिमीच्या आतच असतो, त्यामुळे ८.८ चा पूर्ण आट्यांचा एम८ हा सुमारे २९ न्यूटन-मीटरवर वाकतो. १५० मिमीला तो ४९ किलोच्या आसपास बसतो, ८.८ च्या एम६ चा १३० आणि १२० मिमीचा तुकडा यांच्या बरोबर मध्ये. हाताला जाड वाटतो, पुढच्या जाडीची सवय लागते. एकच अडचण: प्रत्येक आटा ही खाच असते आणि बाहेरच्या अंगाला तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून हा माल ८.८ पर्यंतच वापरावा. १०.९ मध्ये पूर्ण आट्यांचा बोल्ट वाकवू नये.

अर्धवट आट्यांच्या बोल्टबद्दल मात्र उगाच भीती असते. १५० लांबीच्या एम६ ला टोकाला २४ मिमी आटे असतात. आट्यांचा भाग सपाट दांड्याच्या निम्म्याच ताकदीचा असतो हे खरं, पण वाकवणारा मोमेंट टोकाला शून्य आणि मध्याला सगळ्यात जास्त असतो. टोकापासून २४ मिमीवर तो मध्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास भरतो. म्हणजे तिथं वाकण्याचा प्रश्नच येत नाही. बोल्ट छोटा करायचा तर आट्यांच्या बाजूनं कापायचा. डोक्याच्या बाजूनं कापत गेलं तर आटे मध्याकडे सरकत येतात आणि मग खरंच एका बाजूला वाक येतो. डोकं ठेवायचं की उडवायचं हा आवडीचा भाग आहे. ते ठेवलं तर त्या हाताला जास्त पृष्ठभाग मिळतो आणि तो हात थोडा सुखात राहतो. फक्त एकदा ठरवल्यावर बदलू नये, आणि लांबी मोजताना डोकं धरलं की नाही ते वहीत लिहावं.

व्हर्नियर लागतो तो दांडा मोजायला. एम६ म्हटल्यावर दांडा ६ मिमी असेलच असं नाही. काही बोल्टचे आटे कापून नाही तर दाबून उठवलेले असतात आणि त्यांचा दांडा ५.३-५.४ मिमीच असतो. घनाच्या नियमानं तो ३० टक्के नरम पडतो. ८.८ एकदम सोपा झाला म्हणून कोणी आनंदात असेल तर आधी दांडा मोजावा.

जाडीनंतर मालातला फरक. ८.८ च्या एम६ ला कडकपणाची परवानगी रॉकवेल सी २२ ते ३२ अशी आहे, १०.९ ला ३२ ते ३९. म्हणजे ८.८ चा कडक माल आणि १०.९ चा नरम माल अक्षरशः शेजारी-शेजारी येतात. एका खोक्यातला बोल्ट लोण्यासारखा वाकतो आणि दुसऱ्या खोक्यातला त्याच शिक्क्याचा बोल्ट हलत नाही, याचं कारण बहुधा हेच. म्हणून एका टप्प्यासाठी लागणारे सगळे बोल्ट एकाच खोक्यातले घ्यावेत आणि प्रत्येक नव्या खोक्यातला एक बोल्ट परीक्षेसाठी खर्ची घालावा.

परीक्षा सोपी आहे. बोल्ट अर्ध्यापर्यंत व्हाइसमध्ये आडवा धरायचा, जबड्यांत ॲल्युमिनियमची पट्टी ठेवून, म्हणजे दांड्याला खाच पडत नाही. बाहेरच्या अर्ध्यावर अर्धा मीटर लांबीचा पाइप चढवायचा, जबडा आणि पाइप यांच्यात १० मिमी जागा सोडून. जबड्यापासून बरोबर ४० सेंमीवर पाइपला बॅग तोलायचा हुकवाला काटा अडकवायचा आणि जमिनीला समांतर, पाइपशी काटकोनात ओढायचं, म्हणजे पाइपचं वजन हिशेबात येत नाही. सुरुवातीला बोल्ट लवतो आणि सोडल्यावर परत येतो. ते वाचन नको. पाइप १०-१५ अंश फिरून तिथंच राहू लागला की त्या वेळी काट्यावर दिसणारा आकडा लिहायचा. ८.८ च्या किमान मालाला तो ६ किलोच्या जरा खाली येतो, १०.९ ला ८.३ च्या आसपास. ८.८ चा शिक्का असून काटा साडेसात दाखवत असेल तर तो खोका सध्या बाजूला ठेवावा. १०.९ ला हात घालायच्या आधीची मधली पायरी म्हणून तो पुढे कामाला येतो.

आता गुंडाळी, म्हणजे बोल्टच्या दोन्ही बाजूंना गुंडाळायचं आवरण. चामडं दीड ते दोन मिमी जाडीचं, नाहीतर जाड कॉर्डुरा कापड, साधारण १० सेंमी रुंद आणि ३० सेंमी लांब, प्रत्येक हाताला एक. घट्ट गुंडाळून वर रबरबँड. कापड आणि दांडा यांच्यात थोडा खडू टाकला की बोल्ट आत फिरत नाही. मध्यभागी दोन्ही गुंडाळ्यांत २० ते २५ मिमी मोकळी जागा हवी. ती नसेल तर शेवटच्या आवळण्यात दोन्ही कापडं एकमेकांत अडकतात, आणि माणूस बोल्टऐवजी चामडं दाबत बसतो. टोकाच्या पुढे चामडं किती जातं यावरही लक्ष हवं. कडक गुंडाळी टोकाच्या १० मिमी पुढे गेली की तरफ तेवढी लांबते आणि चार पायऱ्या फुकटात पार होतात. गुंडाळी बदलली की जुने आकडे बाद धरावेत.

वाकवण्याचे तीन टप्पे सगळे जण किंक, स्वीप आणि क्रश याच नावांनी ओळखतात. किंक म्हणजे पहिला मोड, ३०-४० अंशांपर्यंत. स्वीप म्हणजे तिथून काटकोनाच्या थोडं पुढे. क्रश म्हणजे वाकलेल्या बोल्टचे दोन्ही पाय (दोन बाजू) छातीसमोर आवळून टोकांतलं अंतर ५० मिमी किंवा त्याहून कमी करणं. इथं बोल्ट पूर्ण झाला असं धरतात.

कडक ग्रेडमध्ये ९० टक्के लढाई किंकची असते. बोल्टच्या मध्यावर मार्करनं खूण करावी. दोन्ही तळवे खाली, अंगठ्याच्या बाजू भिडलेल्या, बोल्ट हनुवटीखाली छातीच्या वरच्या भागासमोर, कोपरं बाहेर. टोक गादीच्या मांसल भागावर बसलंय ना हे जोर लावण्याआधी दाबून बघावं. ते मनगटाच्या हाडावर गेलं तर मेंदू आपोआप जोर कमी करतो आणि आपल्याला वाटतं ताकद कमी पडली. मनगट सरळपेक्षा थोडं मागे, पण टोकापर्यंत मागे ढकललेलं नको. झटका देऊ नये. एका सेकंदात जोर पूर्ण चढवावा, पाच-सहा सेकंद धरावा आणि त्यात काहीच हललं नाही तर सोडावं. एका बोल्टवर असे तीन प्रयत्न पुरे. चौथ्या प्रयत्नात काही घडत नाही, फक्त पुढच्या आठवड्याचा सराव खराब होतो.

मोड आला की थांबायचं नाही. थांबल्यावर पोलाद गार होतं आणि पुन्हा कडक होतं असं सांगितलं जातं. वाकलेली जागा तापते हे खरं आहे, वाकवून झाल्यावर लगेच तिथं बोट लावलं तर चटका जाणवतो. ढोबळ हिशेबानं बाहेरच्या थराचं तापमान ५०-६० अंशांनी वाढू शकतं. पण तेवढ्यानं पोलाद फारसं नरम पडत नाही. थांबण्याचा खरा तोटा हा की पकड सैल होते, बोल्ट गुंडाळीत फिरतो आणि पुढचा जोर थोड्या वेगळ्या दिशेनं पडतो. मग वाक एका प्रतलात राहत नाही, पाय एकमेकांना ओलांडून जातात आणि क्रश अशक्य होतो.

स्वीपमध्ये छाती आणि पाठ कामाला लागते. क्रशच्या आधी हात पायांच्या टोकांकडे सरकवून बोटं एकमेकांत गुंतवावीत. इथं अडणाऱ्यांची ताकद सहसा पुरेशी असते, हात मध्याजवळ राहिलेले असतात.

कुठं अडतंय त्यावर सराव ठरतो. किंक होत नसेल तर छोटे, नरम तुकडे: ८.८ चे १२५, १२०. किंक होऊन पुढे अडत असेल तर एक पायरी वरचा बोल्ट व्हाइसमध्ये २५-३० अंश वाकवून घ्यायचा आणि उरलेलं काम हातानं करायचं. स्वीप-क्रशसाठी याहूनही चांगला माल म्हणजे ए२-७० शिक्क्याचा स्टेनलेस बोल्ट. त्याचा पहिला मोड ८.८ पेक्षा स्पष्टपणे सोपा येतो, पण स्टेनलेस वाकता वाकता झपाट्यानं कडक होतं आणि साठ अंशांनंतर तो असा चिवट होतो की क्रश करताना हात थरथरतात. किंकमध्ये मनगटं न झिजवता शेवटचा भाग घडवायचा असेल तर याला तोड नाही. ग्रिपरचा उपयोग मात्र इथं कमी. बोटं मिटण्याची ताकद ही मनगट स्थिर ठेवण्याची ताकद नव्हे. हातोड्याचा दांडा टोकाला धरून मनगटानं वर-खाली करणं त्यापेक्षा जास्त लागू पडतं.

पायरी कधी बदलायची? एकाच खोक्यातले, एकाच लांबीचे तीन बोल्ट एका बैठकीत पूर्ण वाकले, प्रत्येक बोल्ट पहिल्याच प्रयत्नात किंक झाला आणि मध्ये हात बदलावे लागले नाहीत, तर पुढच्या जड बैठकीला ५ मिमी कमी. एक बोल्ट कसाबसा वाकला म्हणून पायरी बदलू नये. फसलेला बोल्ट फेकायचा नाही. त्याचा कोन कोनमापकानं मोजून लिहायचा. शून्यावरून ८ अंश, मग १५, अशी प्रगती दिसत असेल तर पायरी बरोबर आहे आणि धीर धरायचा. सलग दोन-तीन बैठका शून्यच असेल तर पायरी उंच आहे.

आठवड्यातून दोनच बैठका: एक जड, एक हलकी, मध्ये निदान दोन दिवस मोकळे. जड दिवशी ४.६ च्या दोन-तीन बोल्टनं अंग गरम करून मग चार ते सहा खरे बोल्ट. स्नायू दुसऱ्या दिवशी तयार वाटतात, कंडरा नसतात. दुखण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. कोपराच्या आतल्या बाजूला टोचलं तर डबल अंडरहँड (दोन्ही तळवे वर) आणि रिव्हर्स (उलट्या) पकडी काही आठवडे बंद. मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला दुखलं तर छोट्या तुकड्यांवरून मागे लांब तुकड्यांवर यावं. छातीच्या मधल्या हाडाच्या कडेला दुखत असेल तर क्रश थांबवावा, फक्त किंक करावा. करंगळी आणि अनामिकेत मुंग्या आल्या तर त्या दिवशी तिथंच थांबायचं, कारण तळहाताच्या त्या बाजूनं जाणारी नस दाबली जाते आहे. मुंग्या दुसऱ्या दिवशीही राहिल्या तर डॉक्टरांना दाखवावं.

तुटण्याबद्दल. ८.८ सहसा तुटत नाही. १०.९ मध्ये वाकाच्या बाहेरच्या अंगावर आधी संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा येतो, मग बारीक आडवी रेघ. ती रेघ दिसली की जोर सोडून बोल्ट भंगारात टाकावा. दांड्यावर जुनी खाच, गंजाचा खड्डा किंवा पान्याचा ओरखडा असेल तर तो बोल्ट वापरूच नये. १२.९ ला हातच लावू नये. ॲलन-की लागणारे काळे बोल्ट बहुधा त्याच ग्रेडचे असतात, डोक्यावरचा आकडा वाचल्याशिवाय ते उचलू नयेत. एकदा वाकलेला बोल्ट सरळ करून पुन्हा वाकवणं हा तर तुकडा उडवायचा हमखास मार्ग. १०.९ पासून पुढे चष्मा नेहमी घालावा, आणि कापलेल्या प्रत्येक टोकाची धार कानशीनं मोडावी. ती चामडं फाडते आणि नंतर तळहात.

१०.९ चा एम६ बोल्ट १५० वर तीनदा निघाला की पाव इंची ग्रेड ८ चा सहा इंची बोल्ट ६४ किलोच्या आसपास समोर उभा असतो. त्याच्याकडे थेट न जाता १०.९ ला १४० आणि १३० पर्यंत न्यावं. १३० वर तो ६६ किलो मागतो, म्हणजे ग्रेड ८ पेक्षा किंचित जास्तच. याच सुमारास ५/१६ इंच जाड आणि ७ इंच लांब अशा नरम कोल्ड-रोल्ड सळईवर हात टाकता येतो. आयर्नमाइंड या कंपनीचा रेड नेल हा याच मापाचा आहे आणि या छंदातला तो जुना मापदंड. जाडी अंगवळणी पडते, पोलाद फार कडक नसतं.

८.८ चा सपाट दांड्याचा एम८ त्यानंतर. १५० वर तो आज विचारातही घेऊ नये. २०० मिमी लांबीचा घेतला तर मागणी तीच ६६ किलोची, फक्त हात एकमेकांपासून दूर ठेवावे लागतात आणि स्वीप लांबतो. गुंडाळीला एक वेढा जास्त द्यावा, मधली जागा ३० मिमीपर्यंत वाढवावी, आणि ५ मिमीऐवजी सुरुवातीला १० मिमीनं कापलं तरी चालतं, कारण एवढ्या लांब तुकड्यावर १० मिमीची वाढ सहा टक्केच भरते. १८० पर्यंत आल्यावर पुन्हा ५ मिमीवर यावं.